हवाई झुंजीचे डावपेच (ऑनलाइन खेळ)

हवाई झुंजीचे डावपेच म्हणजे लढाऊ विमानांच्या ऑनलाइन खेळांत, एकमेकांच्या दृष्टिपथात आलेल्या विमानांनी प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे जागा मिळवण्यासाठी किंवा आपल्या पाठीवर आलेल्याला झटकून टाकण्यासाठी केलेल्या हालचाली व योजना. अशा जवळच्या लढतीला इंग्रजीतून आलेला 'डॉगफाइट' हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ झाला. वॉर थंडर, डीसीएस वर्ल्ड, आयएल-२ स्टर्मोविक मालिका आणि वर्ल्ड ऑफ वॉरप्लेन्स हे या प्रकारातील परिचित खेळ आहेत.

या खेळांतील बहुतेक डाव खेळासाठी रचलेले नाहीत. ते प्रत्यक्ष युद्धांत, अनेकदा फार मोठी किंमत मोजून, शिकले गेले आणि नंतर संगणकावर आले. खेळातील विमान हवेच्या आणि गुरुत्वाच्या नियमांनुसार उडत असेल, तर खरे डाव तेथेही चालतात. फरक पडतो तो मुख्यतः मरणाच्या किमतीमुळे. खेळात विमान पडले की खेळाडू काही क्षणांत दुसरे विमान घेऊन परततो, आणि त्यामुळे काही डावांचे मोल पूर्णपणे बदलते.

इतिहास

हवाई झुंजीचे पहिले लिखित नियम जर्मन वैमानिक ओस्वाल्ड ब्योल्के याने १९१६ मध्ये मांडले. हल्ल्यापूर्वी उंची व सूर्याची पाठराखण मिळवावी, जवळ गेल्याशिवाय गोळीबार करू नये, शत्रूवरची नजर ढळू देऊ नये, वरून हल्ला झाल्यास पळण्याऐवजी त्याच्याकडे वळावे, असे त्यांचे स्वरूप होते. शंभर वर्षांनंतरही ऑनलाइन खेळांतील नवख्यांना जवळपास हेच सांगितले जाते.

या पहिल्या पिढीच्या लढतींत मोजके भारतीयही होते. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे ब्रिटिश हवाई दलाच्या २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे विमान उडवत असत. जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचे विमान पाडले गेले आणि जखमांमुळे त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर महिन्याभरातच, दहा विजय नोंदवलेले इंद्रलाल रॉय २२ जुलै १९१८ रोजी मारले गेले. वेलिणकरांचे डॉल्फिन आज 'फ्लाइंग सर्कस' या आयएल-२ मालिकेतील खेळात उडवता येते. त्याचा वैमानिक वरच्या पंखाच्या चौकटीतून डोके बाहेर काढून बसतो. त्यामुळे वर आणि पुढे त्याला उत्तम दिसते, खाली मात्र फारसे दिसत नाही. म्हणून डॉल्फिन घेणारे अनुभवी खेळाडू शत्रूच्या खाली राहून लढणे पसंत करतात.

दुसऱ्या महायुद्धात वेग वाढल्यावर दोन प्रवाह स्पष्ट झाले. एक, घट्ट वळणे घेऊन शत्रूच्या मागे जाणे. दुसरा, उंचीवरून झडप घालून पुन्हा वर निघून जाणे. युद्धानंतर अमेरिकी वैमानिक जॉन बॉइड आणि गणिती थॉमस क्रिस्टी यांनी १९६० च्या दशकात ऊर्जा-चपलता सिद्धान्त मांडून या दोहोंना एका गणितात आणले. रॉबर्ट शॉ यांचा १९८५ मधील हवाई लढतीवरील ग्रंथ वैमानिकांसाठी लिहिलेला असला, तरी गंभीर खेळाडूंमध्येही तो पाठ्यपुस्तकासारखा वाचला जातो.

अनेक खेळाडूंना एकाच आकाशात आणणारा 'एअर वॉरियर' हा खेळ १९८८ मध्ये दूरध्वनी जोडणीवरून सुरू झाला. त्यासाठी तासाप्रमाणे पैसे मोजावे लागत. १९९८ मध्ये 'फाल्कन ४.०' आणि २००१ मध्ये 'आयएल-२ स्टर्मोविक' आले. २०१२ मध्ये सर्वांसाठी खुल्या चाचणीला आलेल्या वॉर थंडरने माउसने लक्ष्य दाखवण्याची सोय दिली आणि खास दांडी विकत न घेताही या प्रकारात शिरणे शक्य केले.

ऊर्जा

डावांची नावे पाठ करण्यापूर्वी ऊर्जेचा हिशेब समजणे आवश्यक असते. विमानाकडे ऊर्जा दोन रूपांत असते: वेगाच्या रूपात गतिज आणि उंचीच्या रूपात स्थितिज. सूर मारला की उंचीचा वेग होतो, नाक वर धरले की वेगाची उंची होते. या देवाणघेवाणीत हवेचा अवरोध दर वेळी काही भाग कापून घेतो, आणि इंजिन तो सावकाश भरून काढते.

वऱ्हाडातील उदाहरण घ्यायचे तर, चिखलदऱ्याचे पठार आणि अमरावती शहर यांच्या उंचीत सुमारे साडेसातशे मीटरचा फरक आहे. ताशी ३६० किलोमीटर वेगाने पठाराच्या पातळीवर असलेले विमान शहराच्या पातळीपर्यंत सूर मारून आले, तर अवरोध आणि इंजिन दोन्ही बाजूला ठेवून त्याचा वेग ताशी सुमारे ५६५ किलोमीटर होईल. खाली सावकाश उडणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला हा दोनशे किलोमीटरचा फरक इंजिनाच्या जोरावर काही सेकंदांत भरून काढता येत नाही. 'उंची हीच बँकेतील ठेव' असे खेळाडू म्हणतात ते यामुळे.

वळणाचे गणित याच्या उलट दिशेने जाते. एकाच जी-भाराने वळताना वेग दुप्पट झाला की वळणाची त्रिज्या चौपट होते. सेकंदाला १०० मीटर वेगाने चार जी भाराचे आडवे वळण घेणाऱ्या विमानाची त्रिज्या सुमारे २६० मीटर भरते आणि पूर्ण फेरीला साडेसोळा सेकंद लागतात. २०० मीटर वेगाला त्रिज्या हजार मीटरच्या पुढे जाते आणि फेरीला तेहतीस सेकंद लागतात. वेगवान विमान सावकाश विमानाशी गोलगोल फिरत बसले, तर हरणार हे येथेच ठरते.

ज्या किमान वेगाला विमान आपला कमाल जी-भार ओढू शकते, त्याला कोपरा-वेग म्हणतात. त्या वेगाला वळणाचा दर सर्वाधिक असतो. त्याखाली पंख पुरेसे उद्धरण देत नाहीत, त्यावर वैमानिकाची किंवा सांगाड्याची मर्यादा आड येते. मात्र क्षणिक वळण आणि टिकाऊ वळण यांतला भेद नवखे खेळाडू हमखास विसरतात. दांडी पोटाशी ओढून एकदा नाक फिरवता येते; त्यानंतर जो वेग गेला, तो लगेच परत मिळत नाही. पतंगाच्या पेचात सगळी ढील एकदम देऊन टाकल्यावर हातात काही उरत नाही, तसेच हे आहे.

पाठलाग आणि नेम

मागून पाठलाग करताना नाक शत्रूच्या पुढे, थेट शत्रूवर किंवा त्याच्या मागे ठेवता येते. यांना अनुक्रमे अग्र, थेट आणि पश्च पाठलाग म्हणता येईल. अग्र पाठलागाने अंतर झपाट्याने कमी होते आणि बंदुकीचा नेमही तेथेच लागतो, परंतु वेग जास्त असेल तर हल्लेखोर शत्रूच्या पुढे निसटतो व क्षणात शिकारीची शिकार होते. पश्च पाठलागात अंतर राखून योग्य क्षणाची वाट पाहता येते. अनुभवी खेळाडू बहुतांश काळ पश्च पाठलागात असतात आणि केवळ गोळीबाराच्या दोन-तीन सेकंदांसाठी नाक पुढे आणतात.

नेमाचे गणितही सोपे आहे. ३०० मीटर अंतरावरून सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघालेली गोळी पोहोचायला सुमारे ०.३८ सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला १२० मीटर वेगाने आडवे जाणारे विमान ४५ मीटर पुढे सरकलेले असते, म्हणजे स्पिटफायरसारख्या नऊ मीटर लांबीच्या विमानाच्या पाच लांब्यांइतके. म्हणूनच ब्योल्केचा जवळ जाण्याचा नियम खेळातही सर्वांत उपयोगी ठरतो. काही खेळांच्या सोप्या प्रकारांत पडद्यावर अग्रबिंदू दाखवला जातो. त्याची सवय झालेल्या खेळाडूला वास्तवदर्शी प्रकारात पहिले काही दिवस एकही गोळी लागत नाही.

हल्ल्याचे डाव

झडप-आणि-झेप हा सर्वांत सुरक्षित डाव. वरून सूर मारायचा, एकदाच गोळीबार करायचा आणि साठलेल्या वेगावर सरळ वर निघून जायचे. त्यात संयमाची परीक्षा असते: नेम चुकला तरी वळायचे नाही. या डावाने हरणारे खेळाडू बहुधा दुसऱ्या झडपेआधीच्या मोहाने हरतात.

उंच यो-योमध्ये वळणात जास्त वेगाने आलेला हल्लेखोर नाक वर उचलून वेगाची उंची करतो, पाठीवर होऊन शत्रूवरची नजर कायम ठेवतो आणि मग खाली त्याच्या मागे उतरतो. पुढे निसटण्याचा धोका यामुळे टळतो. खालचा यो-यो याच्या उलट आहे. शत्रू वळणात हाती लागत नसेल तर नाक वळणाच्या आत आणि खाली घालून वेग मिळवायचा व कोन कापायचा. याचा मोबदला उंचीत द्यावा लागतो, म्हणून जमिनीलगत तो करता येत नाही.

इमेलमान हे नाव आज अर्ध्या उभ्या वर्तुळानंतर सरळ होण्याच्या हालचालीला दिले जाते. दिशा उलटते आणि उंची वाढते. माक्स इमेलमानचा मूळ डाव मात्र याहून वेगळा होता असे मानले जाते. याचीच खाली जाणारी आवृत्ती म्हणजे स्प्लिट-एस.

खेळांत विशेष लोकप्रिय झालेला डाव म्हणजे शत्रूला झुलवत वर नेणे. ज्याची एकूण ऊर्जा जास्त तो उभी चढण घेतो आणि शत्रू लालचीने मागे येतो. शत्रूचा वेग आधी संपतो, त्याचे विमान स्टॉल होऊन लटकते, आणि वर असलेला खेळाडू हॅमरहेडने नाक फिरवून स्थिर लक्ष्यावर उतरतो. ऊर्जेचा अंदाज चुकला तर भूमिका बदलतात.

बचाव

पाठीवर शत्रू दिसताच त्याच्या दिशेने घेतलेल्या कडक वळणाला ब्रेक टर्न म्हणतात. त्यामुळे त्याला नेमासाठी आणखी कोन लागतो. तो वेगात असेल तर पुढे निसटतो आणि मग कात्री सुरू होते: दोन्ही विमाने आलटून पालटून एकमेकांकडे वळत राहतात आणि जो अधिक सावकाश पुढे सरकतो तो मागे पडून जिंकतो. आडव्या कात्रीत मंद वेगातील ताबा निर्णायक असतो. लाटणीसारख्या फिरत्या कात्रीत उभ्या हालचालींचे कौशल्य महत्त्वाचे ठरते.

बॅरल रोलनेही पाठलाग करणारा पुढे काढता येतो, परंतु तो फार लवकर केला तर केवळ वेग वाया जातो. उंची शिल्लक असेल तर सर्पिल सूर मारणे हा शेवटचा उपाय. जमीन जवळ येईपर्यंत पाठलाग करणाऱ्याला सतत जी-भाराखाली ठेवता येते. क्षेपणास्त्रांच्या काळातील विमानांत उष्णतेमागे जाणाऱ्या क्षेपणास्त्राविरुद्ध फ्लेअर सोडून, इंजिनाची शक्ती कमी करून वळण घेतले जाते.

जोडीने लढणे

एकट्याचे कौशल्य जोडीपुढे फार काळ टिकत नाही. अमेरिकी नौदलाच्या जॉन थॅच याने १९४२ मध्ये वापरात आणलेल्या विणीत दोन विमाने समांतर उडतात आणि एकावर हल्ला होताच परस्परांकडे वळून रस्ते छेदतात. पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येतो. वळणात सरस असलेल्या जपानी झिरोविरुद्ध वाइल्डकॅट विमानांनी याच युक्तीने टिकाव धरला.

आमिषाच्या डावाचे भारतीय उदाहरण प्रसिद्ध आहे. ३ सप्टेंबर १९६५ रोजी पठाणकोटहून निघालेली मिस्टेअर विमाने पाकिस्तानी रडारला दिसतील अशी नेण्यात आली, तर नॅट विमाने जमिनीलगत लपून गेली. मिस्टेअरवर येणाऱ्या सेबर विमानांना अचानक वर आलेली नॅट भेटली. या लढतीत ट्रेव्हर कीलर यांच्या नावावर भारतीय हवाई दलाने एक सेबर नोंदवले. ते विमान तळावर परतले असे पाकिस्तानी बाजूचे म्हणणे आहे. त्याच दिवशी तुकडीपासून वेगळे पडलेले एक नॅट पाकिस्तानातील पसरूर येथे उतरले आणि पाकिस्तानच्या हाती लागले. खेळातील पथकांत 'नेत्याची साथ सोडू नका' हा नियम पाठ करून घेतला जातो. त्याची प्रत्यक्षातील किंमत या घटनेत दिसते.

भारतीय हवाई दलाची विमाने

कोणता डाव वापरावा हे विमान ठरवते. पुण्यात तळ असलेली ४५ क्रमांकाची स्क्वाड्रन १९६५ च्या युद्धाआधी पठाणकोटला हलवण्यात आली. तिच्याकडे व्हॅम्पायर विमाने होती. १ सप्टेंबरला छांब भागात पाकिस्तानी रणगाड्यांवर हल्ले करताना चार व्हॅम्पायर गमवावी लागली आणि त्यानंतर हा जुना प्रकार आघाडीवरून मागे घेण्यात आला. व्हॅम्पायर आणि सेबर ही दोन्ही वॉर थंडरमध्ये आहेत. व्हॅम्पायर आडव्या वळणात चांगले असले, तरी जमिनीलगत, कमी वेगात आणि वर कोण आहे हे न पाहता लढणाऱ्या विमानाला वळण्याची संधीच मिळत नाही. जमिनीवरील लक्ष्यांमागे लागलेल्या खेळाडूंचे ऑनलाइन खेळात नेमके हेच होते.

नॅटचे बळ त्याच्या आकारात होते. पंखांचा विस्तार सात मीटरहूनही कमी, तर सेबरचा अकरा मीटरहून अधिक. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयरा येथे दमदमहून उडालेल्या चार नॅट विमानांनी सेबर विमानांवर झडप घातली. भारतीय नोंदीनुसार तीन सेबर पडली आणि दोन पाकिस्तानी वैमानिक बंदी झाले. छोटे विमान उशिरा दिसते, आणि उशिरा दिसणे हा खेळातही मोठा फायदा आहे, कारण पडद्यावर दूरचे विमान काही ठिपक्यांएवढेच असते.

महाराष्ट्राशी सर्वाधिक निगडित लढाऊ विमान मिग-२१. नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्याची भारतीय निर्मिती झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे ते सेवेतून निवृत्त झाले. डीसीएस वर्ल्डमधील मिग-२१बिस उडवताना त्रिकोणी पंखांचा स्वभाव चांगला कळतो. पहिले वळण तिखट बसते, पण तेच वळण धरून ठेवले की वेग ढासळतो. म्हणून त्याचा शहाणा चालक एकदा वळतो, नेम साधला नाही तर सरळ निघून जातो. ओझरलाच बनलेले आणि २००२ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर प्रथम दाखल झालेले सुखोई-३० एमकेआय मंद वेगातही नाक फिरवू शकते. परंतु थ्रस्ट वळवून वेग मारल्यावर दुसऱ्या शत्रूसमोर तेही उघडे पडते.

पिंग आणि अंतर

प्रत्यक्ष झुंजीत नसलेला एक घटक ऑनलाइन खेळात निर्णायक असतो: संदेशाला लागणारा वेळ, म्हणजे पिंग. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमरावती किंवा अकोल्यातील खेळाडू युरोपातील सर्व्हरशी जोडलेला असेल, तर त्याचा संदेश साधारणपणे आधी शेकडो किलोमीटर दूर मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत आणि तेथून समुद्रतळाच्या तारांनी पुढे जातो. सरळ रेषेत मोजले तरी जाण्या-येण्यास सत्तर मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. तारांचा वळणाचा मार्ग आणि वाटेतील यंत्रणा धरता प्रत्यक्ष पिंग बराच जास्त असतो. वेगवान जोडणी घेतल्याने हे अंतर कमी होत नाही. सिंगापूरसारख्या जवळच्या ठिकाणचा सर्व्हर निवडणे हाच खरा उपाय, पण तेथे खेळाडू पुरेसे असतील तरच.

दीडशे मिलिसेकंदांत सेकंदाला १५० मीटर वेगाचे विमान साडेबावीस मीटर पुढे जाते. ही फट झाकण्यासाठी खेळ शत्रूचे विमान त्याच्या आधीच्या वेग व दिशेवरून अंदाजाने दाखवतो. शत्रू सरळ किंवा एकसारखा वळत असेल तर अंदाज जवळपास बरोबर ठरतो. त्याने अचानक दिशा बदलली की पडद्यावरील विमान झटका खाते. परिणामी जास्त पिंगच्या लढतीत आडव्या कोनातून मारलेले फटके वाया जातात आणि थेट मागून, लहान कोनातून केलेला गोळीबार लागतो. बचावात अचानक झटके देणे प्रत्यक्षापेक्षा जास्त उपयोगी पडते. एकवेळ जास्त पण स्थिर पिंगशी जुळवून घेता येते. खालीवर होणाऱ्या पिंगशी नाही. म्हणून वायफायऐवजी तारेची जोडणी सुचवली जाते.

प्रत्यक्षापेक्षा वेगळेपण

समोरासमोरून गोळीबार करत जाणे ही ऑनलाइन खेळांतील सर्वांत सामान्य आणि सर्वांत अवास्तव गोष्ट. प्रशिक्षित वैमानिक ती टाळतो, कारण दोघेही मरण्याची शक्यता मोठी असते. खेळात बदल्यात एक विमान गमावणे परवडते. ज्या सर्व्हरवर एका वैमानिकाला ठरावीकच आयुष्ये मिळतात किंवा विमाने मोजून दिली जातात, तेथे हीच माणसे वेगळी लढतात: लवकर परत फिरतात, जोडी सोडत नाहीत आणि वाईट स्थितीतील झुंज सुरूच करत नाहीत.

शरीरावरील ताणही खेळात नसतो. पडदा काळा करून डोळ्यांपुढची अंधारी दाखवली जाते, पण मान वळवून सहा जीखाली मागे पाहण्याचे कष्ट माउसने दृश्य फिरवणाऱ्याला पडत नाहीत. बाहेरून विमान दाखवणाऱ्या दृश्यात तर पाठीमागचा शत्रूही आपसूक दिसतो. ब्योल्केचा नजर न ढळू देण्याचा नियम तेथे फुकटात पाळला जातो. कॉकपिटमधूनच पाहण्याची सक्ती असलेल्या सर्व्हरवर मात्र तो पुन्हा सर्वांत कठीण होतो.

भारतीय हवाई दलाने 'गार्डियन्स ऑफ द स्काइज' (२०१४) आणि 'इंडियन एअर फोर्स: अ कट अबव्ह' (२०१९) हे भ्रमणध्वनीवरील खेळ काढले. दोन्हींचा हेतू तरुणांना हवाई दलाकडे आकर्षित करण्याचा होता. ऊर्जेचा बारीक हिशेब त्यांत अपेक्षित नाही. त्यासाठी खेळाडू संगणकावरील खेळांकडेच वळतात.